सोळा मात्रांची हजेरी

१६ जून २०२५, सोमवार. पहाटे ५.१०

धप् धप् धप्. बेचाळीस पोरे बाक वाजवताहेत. आज पुन्हा तोच आवाज कानात घेऊन जाग आली.

सातवी 'ब', साल १९८६. माझ्या वर्गात कोणी "हजर" म्हणत नसे. प्रत्येकासाठी मी स्वतः दोन ओळी रचल्या होत्या. नाव पुकारले की पोराने उभे राहून आपल्या ओळी म्हणायच्या, दुसरी ओळ सगळ्या वर्गाने उचलायची, बाकाच्या ठेक्यावर. शेजारच्या वर्गाचे गुरुजी तक्रार करीत. मत्सर.

आता नातू शाळेत अंगठा लावून हजेरी देतो म्हणे. अंगठा! साक्षर होण्याआधीच निरक्षर. शी.

काल जितेंद्रचा फोन. त्या बॅचचा मॉनिटर, आता मिठाईची तीन दुकाने. १० जुलैला गुरुपौर्णिमेला प्रताप नगरातल्या हॉलमध्ये माझा सत्कार. बेचाळीस हजेऱ्यांची पुस्तिका छापणार. "सर, आठवतात का हो सगळ्या?" विचारतो. वेड्या, वही लागत नाही मला.

एकोणचाळीस वर्षांनी माझे नाव छापून येणार. सौ. सुभद्रेला सांगितले. ती म्हणाली, कूलरमध्ये पाणी टाका.

संकल्प: १) रोज काही हजेऱ्या बॅचच्या ग्रुपवर टाकणे. २) कोणाशी वाद घालायचा नाही.

१७ जून

शुभारंभ जितेंद्रपासून.

"मी जितेंद्र हो, वर्गविभूषण,
ज्याच्या घरचे गोड निमंत्रण."

अठ्ठावीस अंगठे, अकरा हात जोडलेले. त्याच्या वडिलांकडून दर शुक्रवारी स्टाफरूममध्ये पेढे येत. त्याचा या ओळींशी संबंध नाही.

१९ जून

आज संघपालची टाकली. माझ्या मते बेचाळिसांतली सर्वोत्तम.

"मी वर्गाचा हबशी काळा,
दात दाखवी, उजळे शाळा."

दोन्ही ओळी सोळा मात्रांच्या. एक कमी नाही, एक जास्त नाही. बाक सगळ्यात जोरात याच हजेरीला वाजत. संघपाल मान खाली घालून पुटपुटे, मग मी म्हणे, "दात दाखव की!" केवढा हशा. पोरगे लाजाळू. विनय म्हणतात तो हाच.

चार वाजेपर्यंत अंगठे तीनच. लोक वामकुक्षीत असावेत.

२० जून

शी शी शी.

कामिनी, त्याच बॅचची, भिवापूरची, आता तिथे मुख्याध्यापिका. तिने सर्वांसमक्ष लिहिले, "सर, ही हजेरी कृपया काढा. तेव्हाही वाईट वाटायची." तेव्हाही? तेव्हा तर बाक वाजवत होती बाई.

थोड्या वेळाने ग्रुपवर बारीक अक्षरांत, 'संघपाल ग्रुपमधून बाहेर पडले.' बोट चुकून लागले असणार. तो रामटेकला राहतो, मालगाडीचा गार्ड आहे, धक्के बसतात. जितेंद्रला सांगून परत घ्यायला लावले. पाच मिनिटांत परत बाहेर. रामटेककडे रेंजचा फारच घोळ.

२१ जून. दुपारी

सविस्तर उत्तर लिहिले. फुलस्केप सहा पाने आधी कागदावर, मग एका बोटाने मोबाईलमध्ये. साडेचार तास. सारांश: हबशी हे एका देशावरून आलेले नाव. या लोकांत सरदार होते, वजीर होते, किल्ले राखणारे होते. शब्द निष्पाप असतो, ऐकणाऱ्याचे मन मलिन. आणि जातीचा तर प्रश्नच नाही. मी वर्गात कधी जात पाहिली नाही. फक्त रंग पाहिला.

हे शेवटचे वाक्य मला फार ठाशीव वाटले.

कामिनीचे उत्तर दोन ओळींचे. "सर, शब्द कुठून आला ते विचारत नाही आहे मी. कोणाले जाऊन लागला ते विचारून राहिली." मुख्याध्यापिका, आणि लिहिताना 'कोणाले', 'राहिली'! किळस आली. वर तीस हृदये. माझ्या सहा पानांवर जितेंद्रचा एक अंगठा. तोही पिवळा.

संकल्प क्र. २ आजपुरता स्थगित.

२३ जून

कामिनी लिहिते, संघपालने त्या वर्षी दिवाळीनंतर आपली शाळाच सोडली. मला पक्के आठवते, त्याच्या वडिलांची बदली झाली होती. ती म्हणते, वडील वीटभट्टीवर होते, त्यांची कसली बदली? मग भट्टीची झाली असेल. मी एकटाच काय काय लक्षात ठेवू?

तिने त्या ओळींचा स्क्रीनशॉट फेसबुकवर टाकलाय. चौदाशे लोकांनी पुढे पाठवला. सुभद्रेला दाखवले, म्हटले, जिवंतपणी चौदाशे वाचक कोणत्या कवीला मिळाले? ती म्हणाली, "खालचं वाचलं काय?" खालचे वाचत नाही मी. प्रतिक्रियांनी प्रतिभा गढूळ होते.

२४ जून

खालचे वाचले.

घृणा. भाषेचे हे काय करून ठेवले आहे लोकांनी! 'ब्रो', 'टॉक्सिक', 'लिटरली'. माझ्याच वर्गातल्या ओमप्रकाशने, ज्याला मी वृत्ते शिकवली, त्याने लिहिले, "सर सठिया गये हैं।" सठिया! मला! शहात्तराव्या वर्षी!

लगेच मोबाईल घेतला. लिहिले, की वृद्धाला असे म्हणणे म्हणजे त्याच्या छातीत सुरी खुपसणे. शब्द हे शस्त्र असते. जाहीर माफी मागावी.

ओमप्रकाशचे उत्तर: "सर, साठ या आकड्यावरून आलेला शब्द आहे. एकदम निष्पाप."

जेवलो नाही. सुभद्रा म्हणाली, "तुमाले लागलं तर शस्त्र, अन् दुसऱ्याले लागलं तर काय झेंडूचं फूल?" ही बाई चौथी शिकलेली. हिला शब्दशक्ती काय कळणार. भात मात्र झाकून ठेवला होता. तो खाल्ला.

२८ जून

जितेंद्र घरी आला. सोबत पावभर सोहनपापडी. खुर्चीच्या काठावर बसला. "सर, एक करू ना. एक्केचाळीसच छापू. ते एक राहू द्या. कार्यक्रम मस्त होऊन जाईल."

म्हटले, बेचाळीस नाही तर शून्य.

तो म्हणाला, "मंग एक फोन तरी करून द्या ना त्याले. सॉरी नका म्हणू, फक्त बोला."

कशासाठी? अख्ख्या बॅचमध्ये तक्रार न करणारा तो एकटाच आहे. बाकीचे त्याच्या नावाने गळे काढताहेत. मौन म्हणजे संमती. तरी त्याचा नंबर लिहून घेतला. रविवारी करीन. आभाराचा फोन.

२९ जून, रविवार

फोन केला नाही. रविवारी माणसे आराम करतात.

२ जुलै

फोन केला. उचलला. मी म्हटले, "ओळखलेस का, तुझा सर." पलीकडून गाडीची शिट्टी. मग म्हणाला, "हो सर. आवाज ओळखला." मी दोन मिनिटे हवामानावर बोललो. त्याने "ड्युटी लागली" म्हणून फोन ठेवला.

आवाज ओळखला! एकोणचाळीस वर्षांनी! याहून मोठा सत्कार कोणता? ग्रुपवर लिहायला गेलो, पण मला तिथे लिहिताच येईना. 'फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतात.' काहीतरी तांत्रिक.

५ जुलै

जितेंद्रचा मेसेज: हॉलचा एसी बिघडला, कार्यक्रम पुढे ढकलला, तारीख कळवतो. खाली दोन हात जोडलेले.

मी ताडले. आश्चर्याचा धक्का देणार आहेत पोरे. अशा वेळी आधी असेच सांगतात. गुरुपौर्णिमा काय पुढे ढकलता येते? १० तारखेला गाडी येईल.

८ जुलै

कोट ड्रायक्लीन करून आणला. भाषणाला शीर्षक, 'शब्दांची अब्रू'. सुभद्रेने विचारले, जायचं कुठं? म्हटले, कळेल.

१० जुलै, गुरुवार. सकाळी ९.४०

सातपासून कोट घालून बसलो. फोन शांत. साडेनवाला घंटी वाजली. मी सुभद्रेला विजयी मुद्रेने म्हटले, "बघ, आले!" आणि स्वतः दार उघडले.

एक म्हातारी. माझ्याहूनही म्हातारी. पांढरे लुगडे, हातात काठी, जिने चढून दम लागलेला. खाली नात स्कूटर लावत होती.

"तुमीच ते गुरुजी? मी सिंधू. संघपालची माय. रामटेकहून आली."

सुभद्रेने आत घेतले, खुर्ची दिली. मी म्हटले, आज गुरुपौर्णिमा, फार चांगल्या दिवशी आलात. तिने ते ऐकले नाही.

म्हणाली, नातीने मोबाईलवर वाचून दाखवले. इतकी वर्षे तिला ठाऊकच नव्हते. "रोज सकाळी पोरगं म्हणे, माय, पोट दुखते. मले वाटे, नाटक करून राहिला. बेशरमाच्या झाडाच्या फोकानं हाणत शाळेत धाडत होती मी त्याले. वळ उठत. तरी कारण सांगितलं नाही त्यानं. आजही सांगत नाही, हासते फक्त."

सुभद्रा माझ्याकडे पाहत होती. मी शब्दाच्या मूळ अर्थापासून सुरुवात केली.

"अर्थ नोको गुरुजी," ती म्हणाली. "तुमाले पाठ आहे म्हन्तेत ना? म्हणून दाखवा. कशासाठी मारलं मी माह्या लेकराले, ते मले आयकू तर द्या."

मी खुर्चीत सावरून बसलो. ती म्हणाली, "बसून नाही. पोराले उभं करत होते ना तुमी?"

मी उभा राहिलो. घसा खाकरला. त्या ओळी 'मी'पासून सुरू होतात, हे इतक्या वर्षांत लक्षात आले नव्हते.

वही आणतो, म्हटले, आणि या खोलीत आलो. हे लिहितो आहे. दार लोटून घेतले आहे. बाहेर कपबशीचा आवाज.

सुभद्रा विचारते आहे, सापडली काय वही.

शोधतोय म्हणालो.