काकूच्या वाटणीचा चौकोन

बाबा,

भाकर झाकून ठेवली हाये. माह्यासाठी केली नाही, या घरचा घास आज मी खाणार नाही.

काल तुमी केशरकाकूले वाटणीपत्र वाचून दाखवलं. जठारपेठेतल्या जागेचे दोन तुकडे, दोन्ही पन्नास बाय चाळीस, दोन हजार चौरस फूट, अगदी सारखे. पण आपला तुकडा काटकोनी हाये अन् काकूचा तिरपा. तुमी त्याच्याही बाजूच गुणल्या.

आज मी दोरी घेऊन मोजला. कर्ण बावन्न फूट, त्यावर दोन्हीकडून लंब छत्तीस-छत्तीस. अठराशे बहात्तरच भरते. काकाले जाऊन वर्ष झालं नाही अन् तुमी तिची एक खोली गिळली. शिसारी आली मले.

चुकून झालं म्हणू नका. याच चुकीसाठी भूमितीच्या तासाले तुमी भर वर्गात माह्या हातावर छडी हाणली होती. "तिरप्या चौकोनाच्या बाजू गुणते का, बयताडे?"

मी काकूले सांगायले जाऊन राहिली. वाटणीपत्र या चिठ्ठीखालीच हाये. तिचा अंगठा लागणार होता तिथं तुमच्याच लाल पेन्सिलीनं शून्य दिलं हाये.

शालू