चालू बर्फाचा कारखाना ‘रिकामी जागा’ ठरविल्याबाबत

प्रति,
मा. श्री. यशोधन राजवाडे,
मानद गुंतवणूक प्रतिनिधी, तिरेवा प्रजासत्ताक,
शेंटन वे, सिंगापूर.

विषय: लोमासी धक्क्यावरील बर्फाच्या कारखान्यास लावलेले सील व संबंधित पत्र मागे घेणेबाबत.

संदर्भ: १) जागा सोडण्याविषयीचे आपले पत्र. २) यंदाच्या परिषदेत ‘तिरेवातील माझे यश’ या विषयावर भाषण देण्याचे आपले निमंत्रण.

महोदय,

अर्जदार शामकांत धारप, राहणार टॅम्पिनीस, व्यवसायाने जहाजावरील चीफ इंजिनिअर (आता माजी), सादर कळवतो की, वरील दोन्ही पत्रे त्यास आपल्या एकाच ईमेलने मिळाली. प्रस्तुत अर्ज मराठीत आहे. इंग्रजी अर्जांना आपले कार्यालय ‘नोंद घेतली’ असे उत्तर देते, आणि अर्जदारास या वेळी नोंद नको, वाचन हवे आहे. आपण मूळचे पुण्याचे असल्याने अडचण येऊ नये.

१. दोन वर्षांपूर्वी आपण येथील एका हॉटेलात तिरेवासाठी पुनर्निर्माण परिषद भरविली होती. तेथे आपण अर्जदाराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, “धारप, युद्ध संपलंय. देशाला आता फक्त येणारा माणूस हवाय.” टेबलावर मोठमोठ्या कंपन्यांची माणसे होती. सर्वांनी सामंजस्य करारांवर सह्या केल्या, फोटो काढले, जेवणातल्या खेकड्याची तारीफ केली आणि लिफ्टने खाली गेले. अर्जदाराचा गैरसमज असा झाला की सही केल्यावर जायचे असते. कन्या इरा हिने येथल्या सिंगापुरी इंग्रजीत वेळीच सावध केले होते, “पपा, एव्हरीबडी साइन्स. नोबडी गोज, लाह!” पत्नी नीता यांनी “जेवायला म्हणून गेलात आणि कारखाना घेऊन आलात” एवढेच म्हणून बॅग भरून दिली. अर्जदाराने जहाजावरची नोकरी सोडली.

२. लोमासी हे खाडीच्या दोन काठांवरचे गाव आहे. आपण तेथे कधी गेला नसल्याने सांगणे भाग आहे. युद्ध याच खाडीवरून झाले. उत्तर काठ एका बाजूला, दक्षिण काठ दुसऱ्या. गोळीबार थांबला, होड्या पुन्हा समुद्रावर जाऊ लागल्या, पण बर्फाअभावी मासळी बाजारात पोचण्याआधी सडत असे. अर्जदाराने जन्मभर जहाजांची शीतयंत्रे सांभाळली, त्यास एवढेच येत होते. धक्क्यावरची एक पडकी शेड रीतसर भाड्याने घेऊन त्याने तेथे कारखाना उभा केला. विक्री मरेना नावाच्या बाईकडे सोपवली. ती उत्तर काठची. तिचा नवरा युद्धात गेला.

पहिल्या दिवशी धक्क्यावर दोन रांगा लागल्या, एकमेकींकडे पाठ करून. मरेनाने बर्फ बाहेर सोडणारी पन्हळ बंद केली आणि म्हणाली, “बर्फ एका तोंडातून येतो. रांग एकच लागेल. नाहीतर सडू द्या मासळी.” कोणी हलेना. टोपल्यांना वास येऊ लागला. अखेर दक्षिण काठचा एक म्हातारा चालत गेला, उत्तरेच्या शेवटच्या माणसामागे उभा राहिला आणि आपल्या लोकांवर खेकसला, “बघताय काय? या!” लोक आले. अर्जदार तेव्हा आत जाऊन बराच वेळ यंत्र तपासत बसला. यंत्रात काहीही बिघाड नव्हता.

३. या रांगेचे छायाचित्र आपल्या नव्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर आले, याबद्दल अर्जदार आभारी आहे. आतल्या पानावर तोच धक्का ‘आंतरराष्ट्रीय बंदरासाठी उपलब्ध रिकामी जागा’ म्हणून छापला आहे, याबद्दल काय असावे हे त्यास अद्याप ठरवता आलेले नाही. खुलाशासाठी तो लोमासीहून सिंगापुरास, आपल्या कार्यालयात आला. आपण कॉफी दिलीत, आणि समजावलेत की, परदेशी गुंतवणूक म्हणून संरक्षण मिळण्यास कारखाना फारच लहान आहे आणि स्थानिक उद्योग म्हणून मिळण्यास अर्जदार फारच परका आहे.

“मग मी आहे तरी कोण?” असे त्याने विचारले.

“तुम्ही आमची यशोगाथा आहात,” आपण म्हणालात.

बंदर बांधणारा गुंतवणूकदार कोण, या प्रश्नावर आपण “तो यायचाय. पण येईल तेव्हा जागा मोकळी दिसली पाहिजे” असे उत्तर दिलेत. अर्जदाराची नम्र सूचना आहे की, दोन्ही काठांत पुन्हा थोडेसे युद्ध घडवून आणल्यास जागा याहूनही मोकळी दिसेल.

४. गेल्या सोमवारी कारखान्यास सील लागले. आत बर्फ होता, तो बाहेर काढू द्यावा ही विनंतीही फेटाळली गेली. अर्जदार तेव्हा आपण पाठविलेल्या पत्रालाच उत्तर लिहीत टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये बसला होता. मरेनाने व्हिडिओ कॉल केला आणि फोन दाराकडे धरला. दाराखालून पाणी वाहत होते. दोन्ही काठचे लोक ते बघत उभे होते.

५. दुसऱ्या दिवशी होड्या मासळी घेऊन आल्या, तेव्हा कुलूप तुटलेले होते आणि यंत्र चालू होते. फौजदार आला. त्याने विचारले, हे कोणी केले? उत्तर काठ म्हणाला, आम्ही. दक्षिण काठ म्हणाला, खोटं आहे, आम्ही. वाद इतका पेटला की फौजदारास मध्ये पडावे लागले. शेवटी त्याने दोन्हीकडची नावे लिहून घेतली आणि, मरेना सांगते, जाताना घरच्या मासळीपुरता बर्फही नेला.

सबब विनंती की, आपले पत्र मागे घ्यावे, सील पुन्हा लावू नये, व परिषदेतील भाषणासाठी दुसरी यशोगाथा शोधावी. त्या दिवशी अर्जदार सिंगापुरात नसेल. तो उद्याच्या विमानाने लोमासीस जात आहे.

आणखी एक. कुलूप तोडणाऱ्यांत अर्जदाराचेही नाव घालावे, अशी शिफारस आपण तेथील पोलिसांकडे करावी. घटनेच्या वेळी तो हजर नव्हता, हे मान्य आहे. तथापि दार त्याचे होते, आणि ‘आम्ही’ म्हणणाऱ्यांत त्यास एकदा उभे राहायचे आहे.

आपला, अजून तरी नम्र,

शामकांत धारप
टॅम्पिनीस, सिंगापूर
दिनांक: १२ मार्च २०२५