घोगरा हॉर्न

माझ्या हट्टी बाबांना,

खाणीत उकाडा आहे, पण मी मजेत आहे.

शनिवारी आईने मैदानातून फोनवर आपल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल संघाचा सराव सामना ऐकवला. तिसऱ्यांदा हरलो. उंच आलेला चेंडू एकालाही हातात झेलता येईना. इथला ब्रॉडी म्हणाला, "यंदा तुमचं काही खरं नाही." मी म्हटलं, "सरावाला कुत्रं विचारत नाही. एप्रिलमध्ये खरे सामने सुरू झाले की बोल."

पण आपल्या गोलला मैदानाभोवतीच्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न वाजले, त्यात आपल्या गाडीचा घोगरा नव्हता. आई म्हणते, बॅटरी उतरली म्हणून गाडी घरीच होती. बॅटरी गाडीची की तुमची? डॉक्टर काय म्हणाले?

गाडी विकायचं मनात आणलंत म्हणे; विकायची नाही. पहिल्या सामन्याला मी येतेय. गाडी मैदानाच्या कुंपणापर्यंत ढकलत नेईन, पण हॉर्न तुम्हीच वाजवायचा.

तुमच्याहून हट्टी,
टेगन