आठाचे सव्वातीन

१६ एप्रिल २०२५, बुधवार

बसवली आठ आणि वापरायला सव्वातीन! असं कसं?

काल यांनी राधेश्यामच्या दुकानातून आमच्या पुढच्या खोलीतल्या, पत्रिका-पुस्तिका टाईप करायच्या कॉम्प्युटरला रॅमची, म्हणजे मेमरीची, नवी पट्टी आणली. जुनी चार जीबीची, ही चारची. फोटो पानात टाकले की मशीन अडकून बसतं म्हणून हा खर्चा. आज पाहते तर तस्संच अडकलं. हे टायपिंग सोडून खिडकीतून रस्ता बघत बसले.

मी मोनालीला पुण्याला फोन लावला. कॉम्प्युटरचंच काम करते पोरगी. म्हणाली, "आई, कॉम्प्युटरच्या चित्रावर उजवं बटण दाब, मंग प्रॉपर्टीज." दाबलं. सरळ लिहिलेलं — बसवलेली मेमरी ८, वापरता येणारी ३.२४. दहावीपुरतं इंग्रजी येतं मला. वाचण्यात चूक न्हाई.

मंग बाकीची पावणेपाच गेली कुठं?

काम मोठं आहे. बदनापूरकडच्या एका विहाराचं उद्घाटन बुद्धपौर्णिमेला, त्याची स्मरणिका. तिथले धम्मपाल गुरुजी स्वतः घेऊन आले. लग्नपत्रिका आता लोक मोबाइलवरच पाठवतात, आमच्याकडं येतं कोण? "हे वेळेत गेलं न्हाई तर पुढच्या खोलीला कुलूप," हे म्हणाले. हसत म्हणाले. पण म्हणाले.

१७ एप्रिल

राधेश्यामकडं गेले. यांनी मशीनमधून काढून दिलेली पट्टी सोबत. दुकानात गिऱ्हाइकं होती, तरी बोललेच.

"काकू, बसा. पाणी घ्या."

"पाणी नको, मेमरी दे. पैसे चारचे घेतले ना? मंग चार दे."

बिचारा! त्यानं लगेच पट्टी त्याच्या मशीनला लावून दाखवली — बराबर दिसली, पूर्ण. "पट्टी एक नंबर आहे काकू. बिलकुल."

"मंग आमच्या घरी काय होतं तिला?"

तो अवघडला. इकडं बघ, तिकडं बघ. "ते… काकांना विचारा ना." गिऱ्हाइकं हसली. मी पट्टी पिशवीत टाकून तरातरा घरी.

यांना विचारलं तर "मशीन जुनं आहे" म्हणाले आणि अंघोळीला गेले. दुपारी तीन वाजता!

१८ एप्रिल

हे फोटो आणायला बदनापूरला गेले. मी मोनालीला व्हिडिओवर घेतलं आणि मशीन उघडलं. आधी वायर काढायची, मंग नळाला हात लावायचा — अंगातली वीज पट्टीला बाधते म्हणे. धूळ किती! तोंडानं फुंकलं तर मोनाली ओरडली, "आई, थुंकी उडते!"

एकटी जुनी लावली — वापरायला सव्वातीन.

एकटी नवी लावली — सव्वातीन!

दोघी लावल्या — तेच!

म्हणजे पट्टी खोटी न्हाई. राधेश्यामही न्हाई. कोणीतरी सव्वातिनाच्या पुढं मोजतच न्हाई. कोण ते?

१९ एप्रिल, शनिवार

कळलं! विंडोज मोजत न्हाई.

मोनालीनं समजावलं. मेमरी म्हणजे छोट्या छोट्या खोल्यांची लांबच लांब ओळ. प्रत्येक खोलीला नंबर. नंबर असेल तरच विंडोज तिथं काही ठेवणार. नंबर न्हाई ती खोली असून नसल्यासारखी. आणि नंबर लिहायला आमच्या विंडोजकडं खण बत्तीसच. एका खणात शून्य किंवा एक, तिसरं काही न्हाई.

मी म्हणाले, "बत्तीस खणांत चार जीबी कसं बसतं? काहीही सांगते."

"मोजून बघ ना मंग, हिशेबवाली बाई."

बसले मोजायला. एक खण — दोन नंबर. दोन खण — चार. तिसऱ्याला आठ. दर खणाला दुप्पट. भाजी निवडायची राह्यली. दहाव्या खणाला हजाराच्या वर गेले, विसाव्याला दहा लाखांच्या वर! मला वाटलं, चुकले. परत केलं. तेच. बत्तिसाव्याला उत्तर आलं — ४२९४९६७२९६. चारशे एकोणतीस कोटी आणि वर!

फोन केला. मोनाली म्हणाली, "आई, हेच चार जीबी. बरोब्बर हेच."

अंगावर काटा आला. कागदावर आकडे दुप्पट करत गेले आणि जाऊन त्या पेटीतल्या भिंतीला टेकले की!

२० एप्रिल

पण चार तरी कुठं आहे? सव्वातीनच आहे. सकाळी वंदनेला बसले तरी डोक्यात तेच. मन आवरून परत पंचशील म्हटलं.

त्याचंही उत्तर मिळालं. स्क्रीनचं कार्ड, आवाजाचं, आणखी काय काय — त्यांनाही नंबर लागतात, ते त्याच चारमधून जातात. उरले ते पट्टीला. नवी पट्टी आली तेव्हा नंबर संपलेले.

"आणि खण चौसष्ट असले तर?"

"तर तू मोजत बसू नको, आई."

मैत्रीभावना अपरिमित असावी असं भंतेजी सांगतात. अपरिमित म्हणजे काय याचा मला आज थोडा अंदाज आला. मोनाली म्हणते, ते चौसष्टवालंही कुठंतरी संपतंच. असो.

मंग ती सहज म्हणाली, "चौसष्टची विंडोज टाकली की झालं. मशीनला चालते. पप्पांना माहीत आहे ना."

"काय माहीत आहे?"

"मी दिवाळीतच सांगितलेलं, आई."

यांना विचारलं. सुपारीचा डबा उघडला, मिटला. मंग म्हणाले, "त्यात माझं टायपिंग चालत न्हाई."

यांचा जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम बत्तीसच्या विंडोजवरच चालतो. लग्नानंतर लगेच शिकलेले. बोटं न बघता फिरतात, बोलता बोलता पान होतं. नव्यात अक्षरांच्या जागा निराळ्या. "या वयात क, ख शोधत बसू? गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना?"

"मंग पट्टी कशाला आणली?"

"वाटलं, थोडा तरी फरक पडेल."

राधेश्यामनं सांगितलं होतं म्हणे, पडणार न्हाई. तरी आणली. आणि मी तिकडं दुकानात भांडून राह्यले तेव्हा हे घरी सुपारी कातरत होते! राग आला. पण चेहरा बघितला आणि चहा टाकायला उठले.

२१ एप्रिल. अष्टमी, उपोसथाचं व्रत

पांढरी साडी नेसले, तशीच राधेश्यामकडं गेले. चार लोकांत बोलले होते, चार लोकांतच माफी मागितली. "अहो काकू, काय हे," म्हणून तोच उठून उभा राह्यला. म्हणाला, "काका मागच्या वर्षीपासून येतात. दरवेळी म्हणतात, अजून थोडे दिवस चालवू."

घरी आले तर यांच्या पुढ्यात फोटोचं पान अडकलेलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बोलाव त्याला."

२३ एप्रिल

झालं. राधेश्यामनं जुन्या फायली बाजूला काढून ठेवल्या आणि चौसष्टची टाकली. बसवलेली ८, वापरता येणारी ७.९! फोटो असे सरकतात — पाण्यावरून पान गेल्यासारखे. मी टाळीच वाजवली.

हे टायपिंगला बसले. बोटं जुन्या जागांवरच गेली. 'स्मरणिका' लिहायला गेले, भलतंच उमटलं. पुसलं. परत. बारा-पंधरा वेळा. मंग उठून चप्पल घालून स्टेशनकडं गेले.

टाळी वाजवायला नको होती.

२४ एप्रिल

"काम परत देऊन टाकतो," म्हणाले. जेवले न्हाईत.

२५ एप्रिल

मी खुर्चीवर बसले. धूळ पुसण्याव्यतिरिक्त आजवर कधी बसले न्हाई. मला जुनं काही येत न्हाई, म्हणजे विसरायलाही काही न्हाई! पाठ असलेलंच लिहावं म्हणून त्रिशरण घेतलं. 'बुद्धं' सापडलं. 'सरणं' सापडलं. 'गच्छामि'ला अडले.

पाठीमागून आवाज आला. "आधी च. मधे पाय मोडायचा. मंग छ."

हे केव्हा येऊन उभे राह्यले, कळलंच न्हाई.

२७ एप्रिल

दोन दिवस हे वाचून देतात, मी टाईप करते. काल एक पान, आज तीन. "ऱ्हस्व, अगं ऱ्हस्व! अध्यक्षांचं नाव आहे ते!" फोटो आणि मांडणी तेच करतात. मधेच खुर्ची ओढून स्वतः एखादी ओळ मारून बघतात. मी चहाला उठते मुद्दाम.

काम परत देण्याचं काय ठरलं, विचारायची हिंमत होत न्हाई.

२८ एप्रिल

धम्मपाल गुरुजींचा फोन आला. मी पीठ मळत होते, कान तिकडं. आता परत देणार. देतातच. यांचं ऐकू आलं — "हो गुरुजी, वेळेत होईल. मजकूर बदलायचाय? थांबा, टायपिंगचं कौसल्या बघते. तिलाच देतो." आणि फोन माझ्यापुढं धरला.

पिठाचा हात पदराला पुसला. मी म्हणाले, "बोला गुरुजी."