उंबराचं गुलाबी पाणी

उत्तन,
ता. २० मे १९४१

माझ्या थोरल्या बहिणीला, मोनीबायला, धाकट्या पायसचा लांबूनच वाकून नमस्कार. (लांबूनच, कारण हल्ली मी सगळ्यांना लांबूनच करतो. मनात काही आणू नकोस.) देवमाउलीच्या कृपेनं तुम्ही वसईला सगळे धडधाकट असाल अशी आशा धरून बसलोय. ऑगस्टीन भावोजींचा दमा कसा आहे? तुझ्या डाव्या डोळ्यातून पाणी यायचं ते थांबलं का? तुमच्या वाडीतली विहीर झाकलेली आहे ना? पाणी उकळून पिता ना? आणि उकळून म्हणजे किती? नुसते बुडबुडे आले की उतरवत असशील तर ते उकळणं नव्हे, ती पाण्याची थट्टा झाली. हे पत्र मी कडुनिंबाच्या धुरावर दोन्ही अंगांनी शेकणार आहे, तरी तू पाकीट चिमट्यानं धरून तासभर उन्हात ठेव आणि मगच उघड. (आता हे तू वाचतेयस म्हणजे उघडून झालंच असणार. जाऊ दे. हात तरी धू.)

पटकीच्या साथीपायी खाडीवरची नाव बंद झाली आणि तुला सेलीनच्या लग्नाला येता आलं नाही, हे मला फार लागलं गं. सख्खी आत्या नाही म्हणजे ते काय लग्न! माझी एकुलती एक पोर, नातालीनच्या मागे एकट्यानं वाढवलेली, आता डोंगरीला मार्कच्या घरी नांदतेय. इथून पाऊण तासाची वाट. माझ्या ओट्यावर उभं राहिलं की त्यांच्या माडांची रांग दिसते. (म्हणजे मला दिसते. शेजारची जिजाबाई म्हणते, ते माड डोंगरीचे नव्हेतच. मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडेच बघत बसतो, तिचं काय जातंय!) पण आज सोळा दिवस झाले, मी पोरीचं तोंड पाहिलेलं नाही. गुडघा दुखतो, असं समज. लोक भलतंसलतं सांगतील, म्हणून लग्नात काय घडलं ते मीच सविस्तर कळवतो.

मी भित्रा नाही, हे तुला ठाऊक आहे. वीस वर्षं तांडेल म्हणून होडी चालवली, तुफानात डोलकाठी मोडली तरी सुकाणू सोडलं नाही. पण वादळ कसं, लांबून दिसतं. आभाळ काळवंडतं, पाण्याचा रंग बदलतो, माणूस शीड उतरवतो. पटकीला आभाळच नाही. अकरा वर्षांपूर्वी मी चार दिवसांनी दर्यावरून परतलो, तेव्हा बंदरावर सगळ्यांच्या बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या, फक्त नातालीन नव्हती. मला वाटलं, भात चुलीवर असेल. मी हाका मारत घरी गेलो. तोवर तिला पुरूनसुद्धा झालं होतं, बाय. तेव्हापासून मी पाणी उकळतो. लोक हसतात, हसू देत.

यंदा चैत्रात पटकी पुन्हा आल्याचं कळलं आणि मी कामाला लागलो. दारात सिरक्याचं भांडं ठेवलं, येणाऱ्यानं आधी त्यात हात बुडवायचे. माश्यांना (उडणाऱ्या) घरात मज्जाव, माशांना (पोहणाऱ्या) उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय मज्जाव. देवळात शिरताना पवित्र पाण्यात बोट न घालता कोरड्याच हातानं क्रुसाची खूण करायला लागलो आणि त्याबद्दल फादरकडे पापही कबूल केलं (दोन हात मागे सरकून). आरोग्य खात्याची माणसंही दर आठवड्याला येतात. एक जण सुई टोचतो. चांगलं काम करतो बिचारा, पण त्याच्याकडे गर्दी फार असते. दुसरा विहिरीत लाल औषध टाकतो. काय त्या औषधाची जादू सांगू! चिमूटभर काळसर खडे पाण्यात पडतात, त्यांच्यातून जांभळे धागे सुटतात, ते हलके हलके खाली जातात, पसरतात आणि अख्खी विहीर गुलाबी होते. बायका नाकं मुरडायच्या, भात गुलाबी होतो म्हणायच्या. मी मात्र दुपारचा विहिरीच्या काठावर बसून राहायचो. आत गुलाबी आभाळ, त्यात गुलाबी माड, आणि वाकून बघणारा मी, तोही गुलाबी. असं वाटायचं की खाली एक दुसरं उत्तन आहे, तिथे कुणी आजारी पडत नाही, आणि तिथे नातालीन बंदरावर उभी असणार. जिजाबाईनं हाक मारली की मी भानावर यायचो. त्या औषधवाल्याला गोडीगुलाबीनं विचारून एक पुडी मी घरीही आणून ठेवली होती. इथेच घात झाला.

लग्न म्हटलं की दोन गावं एकत्र येणार, म्हणजे दोन गावांच्या विहिरी एका पोटात जाणार! मी बँडवाल्यांच्या बिगुलांची तोंडं कढत पाण्यानं धुऊन घेतली (एकाचा ओठ भाजला, तो शेवटपर्यंत नुसता ढोलाबरोबर चालला). पाहुण्यांची ताडी मी स्वतः उभा राहून उकळली. उकळलेली ताडी कुणी पीत नाही, हे मला आता कळलंय. मोठमोठी माणसं एक घोट घेऊन माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी त्यांच्या घरचं माणूसच मारलंय. पण एकाचं तरी पोट बिघडलं का? नाही. मग!

आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर उंबराचं पाणी आणायला गेल्या. माझ्या लग्नात तूच सगळ्यांच्या पुढे होतीस, आठवतं? विहिरीत नारळ सोडताना तुझी बांगडी पण गेली होती. बायकांनी सात हंडे भरून आणले आणि नवरीच्या सकाळच्या आंघोळीसाठी मांडवात ओळीनं ठेवले. सगळे गाण्यांना बसले. मी एकटा हंड्यांपाशी. विहिरीत औषध सकाळी पडलं होतं, आता संध्याकाळ. तेवढ्यात त्याचा जोर उतरला असला तर? लेकीच्या अंगावर उद्या जे पाणी पडणार ते कसं, हे बापानं बघायचं नाही तर कुणी? पुडी काढली. एका हंड्याला एक चिमूट, असा हिशेब. पहिल्या हंड्यात चिमूट टाकली, बाही वर करून हातानं ढवळलं. जांभळे धागे फिरायला लागले. आतून बायकांचं गाणं येत होतं, तेच, नातालीनला न्हाऊ घालताना तुम्ही म्हटलेलं. मला ती दिसायला लागली. ओले केस, कपाळावरून निथळणारं पाणी, आणि मी खिडकीच्या फटीतून बघतो म्हणून तुझी शिवी. मग सेलीन दिसली, तिच्या कमरेएवढी, मग गुडघ्याएवढी, मग टोपलीत. हंडे किती झाले, चिमटी किती झाल्या, कुठल्या हंड्यात एक आणि कुठल्यात पाच, काही म्हणता काही ध्यानात राहिलं नाही. भानावर आलो तेव्हा पुडी रिकामी होती आणि मी कोपरापर्यंत हंड्यात. फार सुखात होतो गं, खरं सांगतो.

पहाटेच्या अंधाऱ्या न्हाणीत पाण्याचा रंग कोण बघतंय! गुलाबी असणार, हे सगळ्यांना माहीतच. सात हंडे पोरीच्या अंगावर पडले. त्या औषधाचा गुण असा की ओलं असताना जांभळं आणि सुकलं की तपकिरी. देवळात पोचेपर्यंत सेलीन सुकली. कपाळापासून हनुवटीपर्यंत ओघळ, गळ्यावर ठिपके, हात तर थेट सुक्या बोंबलाच्या पाठीसारखे. तिनं डोक्यावरची ओढणी बाजूला केली मात्र, तिची होणारी सासू आंजेलबाय उभ्या जागी दोन पावलं मागे सरली. मग तिच्यामागचे सरले. नवरीला काहीतरी झालंय, हे देवळाच्या दारापर्यंत पोचायला एक श्वास पुरला. चार बाकं रिकामी झाली. आमचीच माणसं, आमचेच शेजारी, तोंडाला पदर लावून भिंतीकडे. आणि मधोमध माझी पोर एकटी. महिनाभर मी सगळ्यांपासून जेवढा लांब राहिलो होतो, तेवढेच लांब सगळे तिच्यापासून उभे होते. अंतर बरोबर पाच हातांचं, माझंच मापलेलं. मला तेव्हा कुठे कळलं की पाच हात किती असतात.

माझे हात कोटाच्या खिशात होते (आदल्या दिवसापासून खिशातच होते, जेवलोही चमच्यानं). लग्न मोडणार, हे दिसत होतं. फादर पुस्तक मिटून उभे. मग मी काढले दोन्ही हात बाहेर, वर केले आणि ओरडलो की हे बघा, हे माझंच काम, औषध जास्त पडलंय. कुणी हललं नाही. उलट आता बापलेक दोघांनाही झालंय, अशीच सगळ्यांची समजूत झाली. तेवढ्यात दाराशी उभी असलेली जिजाबाई सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं म्हणाली, “पोरीला काय न्हाय झालेला! जो काय झालाय तो तिच्या बापसाला झालाय, आन तो अकरा वर्सांपासून हाय!” कुठेतरी कुणीतरी हसलं. आणि मार्क, ज्याला मी उकळलेली ताडी पीत नाही म्हणून आदल्याच दिवशी बोल लावला होता, तो ती पाच हातांची वाट चालून गेला आणि त्यानं सेलीनचा हात धरला. फादरनी अजून सांगितलंही नव्हतं. मग आंजेलबाय आली, पदराला थुंकी लावून तिनं सुनेचं कपाळ घासून पाहिलं (थुंकी! पटकीच्या दिवसांत!), आणि डाग निघत नाही म्हटल्यावर तीही हसली. लग्न लागलं.

पाठवणीच्या वेळी मी सवयीनं फाटकापाशी लांब उभा राहिलो, हात जोडून. पाहुण्यांनी भरलेली वाट, किती तऱ्हेचे श्वास! सेलीन सगळ्यांमधून परत आली आणि तिनं माझा हात धरला. तिचा तपकिरी, माझा तपकिरी. कुणाचा कुठला ते कळेना. मी काढून घेतला नाही. महिनाभरानं कुणाला तरी शिवलो होतो, बाय. तिनं कानात एक गोष्ट सांगितली आणि गाडीत बसली. ती गोष्ट आमच्या दोघांतली आहे, पत्रात लिहिण्यासारखी नाही.

तेव्हापासून ओट्यावर बसतो, माड बघतो. पटकी ओसरलीय म्हणतात. विहीर पुन्हा साध्या रंगाची झालीय, वाकून पाहिलं तर आत फक्त मी दिसतो, तोही दाढी वाढलेला. तू काळजी करू नकोस. एकटा मजेत आहे, कुणाची गरज भासत नाही. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
पायस

ता. क. सोबत सुके बोंबील पाठवतोय. तीनदा उन्हात घातलेत आणि एकदा धुरावर. आता त्यांना बोंबलाची चव उरलेली नाही, पण भीतीही नाही.

ता. क. दुसरा. गुडघा अजिबात दुखत नाही. सेलीननं कानात सांगितलं ते असं: “बाबा, आईच्या वेळी सुईवाला गावात आलाच नाही. तुझ्या दारात दर गुरुवारी येतोय. टोचून घेतल्याची चिठ्ठी आणलीस तरच माझ्या घरी ये. मला दोघांना पुरायचं नाही.” आता तुझ्यापासून काय लपवू! मी सगळं केलं, फक्त तेवढं केलेलं नाही. दोन गुरुवार देवळाच्या व्हरांड्यापर्यंत जाऊन आलो. सुई बघितली की हातपाय गार पडतात आणि मी कुणाला तरी पुढचा नंबर देऊन टाकतो. सुईवाल्याला वाटतं, मी फार परोपकारी माणूस आहे. खाडीवरची नाव सोमवारपासून सुरू झालीय. तू बुधवारी ये. गुरुवारी माझा हात धरून बस. बाकी काही मागत नाही.

ता. क. तिसरा. लहानपणी देवी काढणारा डॉक्टर शाळेत आला तेव्हा मी उपड्या होडीखाली लपलो आणि तू माझी टोपी घालून, माझं नाव सांगून दुसऱ्यांदा टोचून घेतलंस, हे मी विसरलेलो नाही. तुझ्या दोन्ही दंडांवर वण आहेत, माझ्या एकावरही नाही. पण या वेळी तसं चालणार नाही. हा किस्सा तूच सेलीनला सांगून ठेवलायस, त्यामुळे चिठ्ठीबरोबर दंडही बघणार म्हणते. पत्र धुरावर धरायचं ठरवलं होतं, पण मग आजचं पोस्ट चुकेल, म्हणून तसंच पाठवतोय. माझ्या हातांवरचा रंग उतरत चाललाय. आता फक्त नखांच्या कडेला उरलाय. तेवढा आहे तोवर ये.