हारुलेसीच्या खाडीचा गाळ जागच्या जागी परत ठेवू देण्याबाबत

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
समुद्र-निक्षेप परवाना कक्ष,
किनारा व्यवस्था कार्यालय, अंबोन.

अर्जदार : डॉ. डेल्फिना वाटिमुरी, सागरी भूवैज्ञानिक, मूळ राहणार नेगेरी (गाव) हारुलेसी.

विषय : हारुलेसीच्या खाडीतून काढलेला गाळ त्याच खाडीत, त्याच जागी परत सोडण्यास परवानगी मिळणेबाबत (चौथा अर्ज).

संदर्भ : आपल्या कक्षाची नामंजुरीची तिन्ही पत्रे.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदार समुद्रतळाचा गाळ तपासून जुन्या काळचे हवामान शोधण्याचे काम करते. गाळ थरावर थर साचत जातो. पावसाळी वर्षांच्या थरात डोंगराची माती जास्त उतरते, दुष्काळाच्या थरात कमी. तळात लांब नळी ठोकून ती भरून वर काढली की मागची आठ हजार वर्षे ओळीने वाचता येतात. अशी नळी हारुलेसीच्या खाडीत ठोकण्याचा परवाना आपल्याच कक्षाने दिला होता व त्यावर आपलीच सही आहे. हे नमूद करण्यामागे कोणताही खोचक हेतू नाही.

२. त्या वेळी खाडीवर सासी होती. गावाने एकदा सासी लावली की ती उठेपर्यंत त्या पाण्यातून काही काढायचे नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अर्जदार तर त्याच गावची लेक. परंतु ही बंदी मासे, शंख व समुद्रकाकड्या यांपुरती आहे, चिखलाला कोण विचारतो, अशी तिची सुशिक्षित समजूत होती. नळी किनाऱ्याला लागताच सासीचे राखणदार नाहुमकाका, म्हणजेच ओम नाहुम पेलुपेसी, यांनी ती समजूत दूर केली. त्यांचे शब्द जसेच्या तसे : “आज तू चिखल नेलास. उद्या कुणी पाणी नेईल न् म्हणेल, पाणी कुठं मासा आहे? शिकून आलीस ती हेच शिकून आलीस का गं?”

३. गावच्या रिवाजानुसार चोरलेली वस्तू खांद्यावर घेऊन गावभर फिरायचे व आपला गुन्हा आपणच पुकारायचा. अर्जदाराने ही शिक्षा विनातक्रार भोगली. नळी तीन मीटरची असल्याने वळणावर तिचे टोक लोकांच्या ओसरीत शिरत होते. शिवाय “मी खाडीचा गाळ चोरला हो!” असे पुकारल्यावर एकदोघांनी “किती जुना आहे गं?” असे विचारले, आणि अर्जदार सवयीने थांबून समजावून सांगत राहिली. त्यामुळे फेरी लांबली व अर्ध्या गावाला हवामानाचा इतिहास कळला.

त्याचा परिणाम असा झाला की ओम नाहुम यांनी गाळ परत ठेवण्याच्या अटीत भर घातली. जुने थर खाली, नवे वर, नळी जशी होती तशीच उभी बसली पाहिजे. “उलटी सोडलीस तर पणतू खाली न् पणजोबा त्याच्या डोक्यावर! मग निस्तरणार कोण?” फेरीनंतर सरकारी परवाना दाखवून नळी प्रयोगशाळेत नेली होती व तेथे ती उभी चिरून अर्धा भाग तपासण्यांत संपला आहे, हे अर्जदाराने कबूल केले. त्यावर “खाल्लेला मासा आम्ही परत मागत नाही. उरलाय तो आण,” एवढी सवलत मिळाली. उरलेला अर्धा भाग अर्जदाराने शीतगृहातून आणून गावात ठेवला आहे व तो सुकू नये म्हणून त्यावर ओले गोणपाट घालण्याच्या पाळ्या बायकांनी वाटून घेतल्या आहेत.

४. आता आपल्या कक्षाविषयी. समुद्रातून काही काढण्याचा अर्ज एक पानी आहे. समुद्रात काही टाकण्याचा अर्ज मात्र कारखान्यांसाठी बेतलेला आहे. त्यात ‘निर्माता’ हा रकाना अर्जदाराने प्रथम कोरा सोडला. अर्ज परत आला. दुसऱ्या वेळी गावच्या पाद्रींच्या सल्ल्याने ‘परमेश्वर’ असे भरले. त्यावर ‘निर्मात्याचे संमतीपत्र जोडलेले नाही’ असा शेरा मिळाला. पाद्रींना हा शेरा दाखवला असता त्यांनी सोबत जोडलेले पत्र लिहून दिले. तिसऱ्या वेळी ‘उत्पादनाचा दिनांक’ या रकान्यात खरे तेच लिहिले. तेव्हा माल आठ हजार वर्षे जुना, म्हणजे मुदतबाह्य, म्हणजे घातक, असे ठरवण्यात आले. आपल्या प्रयोगशाळेने गाळात मीठ आढळल्याचेही कळवले असून, तो समुद्रात सोडल्यास समुद्र खारट होण्याचा संभव वर्तवला आहे. अर्जदार या निष्कर्षावर शास्त्रज्ञ या नात्याने काहीही बोलू इच्छित नाही.

५. आपल्या खिडकीवरील गृहस्थ मनाने चांगले आहेत. ते हळूच म्हणाले, “बाई, कशाला एवढा उपद्व्याप? द्या गुपचूप सोडून. समुद्र काय पावती मागतोय?” समुद्र मागत नाही, ओम नाहुम मागतात. “काढताना सरकारचा कागद माझ्या नाकासमोर नाचवलास ना? ठेवतानाही नाचव.” महोदय, म्हणून हा चौथा अर्ज.

आपल्या तिसऱ्या पत्रात एक मार्ग सुचवला आहे : काढण्याचा मूळ परवानाच मागील तारखेपासून रद्द करावा, म्हणजे गाळ कधी काढलाच गेला नाही व तो जागेवरच आहे असे समजता येईल. हे पत्र अर्जदाराने गावात मोठ्याने वाचून दाखवले. ओम नाहुम त्या वेळी त्याच गाळाला टेकून बसले होते. त्यांनी दोनदा वाचायला लावले, कारण पहिल्या वेळी हसण्यात शेवट ऐकू गेला नाही.

६. येथवर अर्जदाराने सर्व सोसले. परंतु गाळ परत जाईपर्यंत सासी उठत नाही, आणि आता पश्चिमेचे वारे जवळ आले आहेत. ते सुटले की खाडी खवळते आणि बुड्या मारणे शक्य नसते. म्हणजे सासी थेट पुढच्या वर्षावर जाते. ती तीन वर्षे लागलेली आहे. सासी उठण्याच्या दिवशी सारे गाव शंख काढायला पाण्यात उतरते. अर्जदाराची आई ओर्पा एके काळी सगळ्यांच्या आधी तळ गाठायची. आता जिना चढताना तिला मध्येच थांबावे लागते. तरी तिने पाण्यात घालायचा लाकडी चष्मा काढून, त्याच्या काचा राळेने नव्याने बसवून ठेवल्या आहेत. त्या फेरीपासून ती लेकीशी बोलत नाही. शेजारणीकरवी तिने निरोप दिला, “तिला म्हणावं, माझ्या छातीत यंदापुरता दम आहे. पुढल्या सालचं मला विचारू नको.”

अर्जदार मागच्या आठ हजार वर्षांत पाऊस कधी रुसला ते सांगते, त्यासाठी परदेशातून बोलावणी येतात. आईचे पुढचे वर्ष तिला सांगता येत नाही. तिला भीती वाटते. हा शब्द अर्जात बसत नाही हे ती जाणते, तरी कृपया तो खोडू नये.

सबब विनंती की वारे फिरण्यापूर्वी परवाना मिळावा. खाडीवर प्रत्यक्ष पाहणीस येण्याचे आपण ठरवल्यास होडीची व जेवणाची सोय गाव करील. गावात आपल्याविषयी राग नाही, केवळ कुतूहल आहे.

गाळाशेजारी ताटकळत असलेली,
आपली नम्र,
(सही)
डॉ. डेल्फिना वाटिमुरी
हारुलेसी, दि. १४ नोव्हेंबर

सोबत :
१) काढण्याच्या परवान्याची प्रत, आपल्या सहीसह.
२) थरांचे छायाचित्र, वरची बाजू बाणाने दाखवली आहे.
३) पाद्रींचे पत्र : निर्मात्याकडे संमती मागितली आहे, उत्तर आल्यास कळवू.
४) धुरी दिलेला मासा, एक. ही लाच नव्हे. आईने तो साहेबांसाठी दिला आहे. दुसरा तिने अर्जदाराकडेच पाठवला आहे व ‘तो तुझ्यासाठी नाही’ असे शेजारणीकरवी बजावलेही आहे.