न उलटलेलं पान

५ ऑगस्ट १९७४
आमच्या यांना वाशीमच्या डॉक्टरनं परत पाठवलं. "घरीच ठेवा. खावं वाटेल ते द्या." समजायचं ते मी समजले. जीपमध्ये हेच मला विचारतात — "तुळसा, तुले चक्कर येते काय?" घ्या!

७ ऑगस्ट
अंजनानं रिसोडच्या तिच्या शाळेतून पुस्तक धाडलं. परदेशातल्या जुन्या भयकथा नि कविता, मराठीत केलेल्या. यांना भुताखेताच्या गोष्टी भारी आवडतात. अक्षरओळख नाही, कान मात्र तिखट. लेकीला काय ठाऊक, आत पानापानावर मरणच आहे!

दुपारी ओसरीत बाजेशी बसून वाचलं. बर्फाच्या देशातला घड्याळजी. घड्याळाला चावी दिली की त्याची बायको थोडी झिजते. शेवटी मरते. माझी जीभच वळेना. म्हटलं — त्यानं घड्याळ विहिरीत फेकलं, बायको बरी झाली.

"मंग त्या विहिरीचं पानी कोन पेलं?"

हसले. हसता हसता खोकला. मी पाठ चोळत बसले.

मी पोरीच्या पाटीवर अक्षरं शिकले, चाळिशी उलटल्यावर. वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने, विहारात ग्रंथ मीच वाचते. तिथला नेम कडक — वाचणारीनं पदरचा शब्द घालायचा नाही. कधी घातला नाही. अन् आज घरात!

११ ऑगस्ट
चार गोष्टी झाल्या. चौघांना जगवलं! जितेपणी पुरलेल्याला सुद्धा बाहेर काढून भाकर खाऊ घातली. कवितेचं मात्र जमत नाही. पदरचं घातलं की चाल तुटते, लगेच कळतं. म्हणून कविता आली की म्हणते, पान फाटलंय.

शेजारची केशरबाई ऐकायला आली. "काहो माय, तिकडचे लोक मरतच नाहीत काय?"

हे म्हणाले, "तुळसाच्या हाताखाली कोनी मरत नाही."

१४ ऑगस्ट
दिवसभरात दोन घास. मी काय करू!

१७ ऑगस्ट
एकच गोष्ट उरली. विहारात ग्रंथ पुरा झाला की समाप्तीला खीर करतो. हे म्हणतात, "याची बी समाप्ती कर. खीर पायजे मले." मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. चष्मा पदराच्या गाठीत होता.

१९ ऑगस्ट
आज टळलं नाही. मनोऱ्यात कोंडलेला म्हातारा दिवा विझण्याची वाट पाहत असतो. मी दिव्यात तेल घालत गेले, घालतच गेले. यांनी हात धरला.

"आता पुस्तकातलं वाच."

"पुस्तकातलंच वाचते."

"गोष्ट कोसभर चालली, पान तिथंच! कायले फसवतं? पयल्या दिवसापासून पाहून राह्यलो."

मग खरं वाचलं. दिवा विझेपर्यंत. आवाज फाटला, पण पदरचा शब्द घातला नाही.

"आता बराबर झाली गोष्ट," म्हणाले.

२० ऑगस्ट
खीर केली. दोन चमचे खाल्ली. गोड कमी आहे म्हणाले!

२१ ऑगस्ट
"आन ते पुस्तक. आज मी वाचतो." छातीवर उघडं धरलं. "एक बाई होती. तिचा मानूस गेला. लय रडली. मंग उठली, चष्मा घातला. विहारात लोक बसून होते, ग्रंथ अर्धा राह्यला होता..."

बराच वेळ वाचत होते. पान मात्र वेळेवर उलटत होते.